आधी लस, मग वॉर्ड: खान्देशातल्या नर्सिंग कॉलेजांना खुले पत्र

प्रति,
प्राचार्य आणि संस्थाचालक,
नर्सिंग महाविद्यालये व परिचर्या प्रशिक्षण संस्था,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्हे

सप्रेम नमस्कार.

नवी बॅच आली आहे. गणवेशाची मापं घेणं सुरू असेल, लॅम्प लायटिंगला, म्हणजे नर्सिंगच्या शपथेच्या समारंभाला, पाहुणे म्हणून कोणाला बोलवायचं याची चर्चा चालू असेल, आणि थोड्याच दिवसांत ही सतरा-अठरा वर्षांची मुलं-मुली पहिल्यांदा वॉर्डात पाय ठेवतील. त्याआधी मला तुमच्याशी बोलायचं आहे. माझं मागणं सुरुवातीलाच सांगते: हिपॅटायटिस बी या रक्तातून पसरणाऱ्या यकृताच्या आजारावरच्या लसीचे निदान दोन डोस झाल्याशिवाय, आणि सुई टोचली तर कोणाकडे धावायचं हे तोंडपाठ असल्याशिवाय, एकाही विद्यार्थ्याला वॉर्डात पाठवू नका.

मी आधी सरकारी दवाखान्यात अधिपरिचारिका होते, नंतर नर्सिंगला शिकवलं. आपल्याकडची ही मुलं मी जवळून पाहिली आहेत. चोपड्याहून पहाटेच्या एसटीने येणारी, धडगावच्या पाड्यावरून येऊन होस्टेलवर राहणारी, वडिलांनी कपाशीच्या पट्टीतून फी भरलेली. बऱ्याच घरांत शिकून नोकरीला लागणारी ही पहिलीच मुलगी असते. ती बेफिकीर नसते. परीक्षेत संसर्ग नियंत्रणावर दहा मार्कांचा प्रश्न टाका, हात धुण्याच्या पायऱ्यांसकट उत्तर लिहून देईल. रुग्णालयातल्या कचऱ्याची पिवळी पिशवी कशासाठी, लाल कशासाठी, पांढऱ्या डब्यात काय टाकायचं, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. आणि तीच मुलगी वॉर्डात दोन्ही हातांनी वापरलेल्या सुईला टोपण लावताना दिसते. तिला कळतं, पण वागणं तसं होत नाही. याला मुलांचा निष्काळजीपणा म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, अशी आपल्याला सवय लागली आहे. मला ते पटत नाही. ही मुलं वॉर्डात जशी वागतात, तसं वागणं वॉर्डच त्यांच्याकडून करवून घेतो. तिथली व्यवस्था तुमच्या आणि रुग्णालयाच्या हातात आहे, त्यांच्या नाही.

मी पाहिलेली एक दुपार सांगते. दोन वाजता शिफ्ट बदलण्याची वेळ. पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड गच्च भरलेला, खाटांच्या मधे जमिनीवर गाद्या टाकलेल्या, नातेवाईक त्यांच्यावरून ये-जा करतायत. हब कटर, म्हणजे वापरलेली सुई कापायचं यंत्र, वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला टेबलावर. त्याचा डबा काठोकाठ भरलेला, सुया वर आलेल्या. इंचार्ज सिस्टर पुढच्या पाळीला ओव्हर, म्हणजे कामाची सूत्रं, देण्याच्या घाईत. दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी इंजेक्शनचा ट्रे घेऊन खाटांमधून वाट काढत होती. उघडी सुई घेऊन एवढ्या गर्दीतून जायचं कसं, म्हणून तिने टोपण लावायला घेतलं आणि सुई डाव्या हाताच्या तर्जनीत गेली. हातात ग्लोव्ह्ज नव्हते. विद्यार्थ्यांना ते मोजून मिळायचे. तिने बोट दाबून दाबून रक्त काढलं, स्पिरिटचा बोळा लावला आणि ट्रे घेऊन पुढच्या खाटेकडे निघाली. मी तिला बाजूला घेतलं तेव्हा आधी काही झालंच नाही म्हणाली. मग डोळे भरून आले आणि बोली भाषेत बोलू लागली, "मॅडम, माले काही व्हवाव नही ना? कोनले सांगू नका."

कोणाला सांगू नका, असं ती का म्हणाली याचा विचार करा. इंचार्ज सिस्टर सगळ्यांसमोर रागावतील, इंटर्नलचे मार्क जातील, तपासणीचा खर्च घरून मागवावा लागेल. आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे एचआयव्हीची तपासणी केली एवढं जरी गावात कळलं तरी ठरत आलेलं लग्न मोडेल. आपल्याकडे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षालाच मुलींच्या सोयरिकी सुरू होतात, हे तुम्हालाही माहीत आहे. एवढ्या भीती समोर असताना पुस्तकात वाचलेलं 'ताबडतोब वरिष्ठांना कळवा' हे वाक्य तिला कसं आठवावं?

म्हणून मुलांसाठी आणि तुमच्यासाठीही, नेमकं काय करायचं ते सरळ लिहिते. सुई टोचली की ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची. बोट दाबायचं नाही, पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट किंवा ब्लीच लावायचं नाही. रक्त किंवा स्राव डोळ्यात उडाला तर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहायचं. मग लगेच सांगायचं. ज्या रुग्णाची सुई होती त्याची संमती घेऊन त्याची तपासणी आणि टोचलेल्या व्यक्तीची त्या दिवशीची तपासणी होते. एचआयव्हीचा धोका वाटला तर प्रतिबंधक औषधाचा पहिला डोस जमलं तर दोन तासांच्या आत आणि काही झालं तरी ७२ तासांच्या आत सुरू व्हावा लागतो. पुढे २८ दिवस ते औषध एकही डोस न चुकवता घ्यायचं. सरकारी व्यवस्थेत ते मोफत मिळतं. नंतर सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. सगळी मदार वेळेवर आहे. मुलगी संध्याकाळपर्यंत रडत होस्टेलवर बसली, दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीने तिसऱ्या दिवशी ट्युटरला सांगितलं, की ७२ तास संपत आले.

मुलं एचआयव्हीला घाबरतात आणि हिपॅटायटिस बी विसरतात. आकडे याच्या उलट आहेत. बाधित रुग्णाची सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के. लस न घेतलेल्या माणसाला त्याच सुईतून हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान आठवडाभर जिवंत राहतो, म्हणजे ट्रेवर, ट्रॉलीच्या दांड्यावर, बेडच्या कठड्यावरही. आणि याच आजारावर आपल्याकडे उत्तम लस आहे. तीन डोस: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातल्या प्रतिपिंडांची पातळी तपासायची. ती १० (mIU/ml) च्या वर आली की माणूस सुरक्षित. पाच-दहा टक्के लोकांमध्ये लसीचा परिणाम होत नाही, म्हणून ती तपासणी टाळायची नाही. ज्याची पातळी कमी आली त्याला पुन्हा डोस द्यायचे.

'लहानपणी सगळ्या लसी झाल्या आहेत,' असं पालक फॉर्मवर लिहून देतात आणि कॉलेज ते मान्य करतं. इथे फसगत होते. सरकारी लसीकरणात हिपॅटायटिस बी ची लस देशभर पोचली ती २०११ मध्ये. आज तुमच्या वर्गात बसलेली मुलं त्याच्या आधी जन्मलेली आहेत. काहींना मिळाली असेल, पण अक्कलकुव्याच्या किंवा साक्रीच्या आडगावात घरी बाळंतपण झालेल्या मुलीला ती मिळालीच असेल असं तुम्ही कशावरून धरून चालता? कार्ड दाखवा, नाहीतर डोस घ्या, एवढी साधी अट ठेवा.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत हे सगळं लिहिलेलं आहे आणि तुम्ही मान्यतेच्या वेळी ते मान्यही केलं आहे. विद्यार्थ्यांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी, धनुर्वात आणि हिपॅटायटिस बी ची लस, आजारपणात मोफत उपचार किंवा विम्याची सोय, आणि प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र आरोग्य नोंद. रुग्णालयांवर तर कायद्याचंच बंधन आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या सर्वांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं आणि रुजू होताना व पुढे दरवर्षी त्यांची तपासणी करणं ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. सुया कोण टाकतं? सकाळच्या पाळीत बहुतेक विद्यार्थीच टाकतात. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला एचआयव्ही-एड्स कायदा सांगतो की आरोग्य संस्थेत काम करताना ज्यांना लागण होऊ शकते त्या सर्वांना सुरक्षेची साधनं, प्रशिक्षण आणि टोचल्यानंतरचं प्रतिबंधक औषध मिळालं पाहिजे. विद्यार्थी यातून वगळलेला नाही.

मग अडतं कुठे? मला जे दिसलं ते असं. कॉलेज म्हणतं, मुलं रुग्णालयात काम करतात, रुग्णालयाने बघावं. रुग्णालय म्हणतं, ती आमची कर्मचारी नाहीत, कॉलेजने बघावं. दोघांच्या मधे विद्यार्थी उभा आहे आणि त्याच्या हातात सुई आहे. जिथे कॉलेज आणि रुग्णालय एकाच संस्थेचं आहे तिथेही हे घडतं, मग करार करून दुसरीकडे पोस्टिंगला पाठवतात तिथलं काय सांगावं. तेव्हा तुमच्या त्या करारातच लिहून घ्या: सुई टोचल्यास पहिली तपासणी आणि पहिला डोस कोण देणार, रात्री कोण देणार, सुट्टीच्या दिवशी कोण देणार, खर्च कोणाचा. तो कागद वॉर्डात, इंजेक्शन ट्रॉलीच्या वर चिकटवा, नाव आणि मोबाइल नंबरासकट.

आरोग्य नोंदीबद्दलही बोलायला हवं. एका संस्थेत मी विद्यार्थ्यांच्या तपासणीचं रजिस्टर पाहिलं होतं. उंची, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, सगळे रकाने भरलेले, एकाच पेनाने, एकाच अक्षरात. पानभर मुलींचा रक्तदाब ११०/७० आणि हिमोग्लोबिन ११.५ किंवा १२. त्यातल्या एका मुलीची नखं पांढरीफटक होती आणि एक जिना चढून आली की तिला धाप लागायची. तपासणी पथक येण्याच्या आठवड्यात बसून भरलेलं ते रजिस्टर होतं. कोणाला दोष द्यायला मी हे लिहीत नाही, पण त्या रजिस्टरमधून मुलं काय शिकली ते पाहा. नोंद ही दाखवण्यासाठी असते, हे ती त्या दिवशी शिकली. उद्या याच मुली रुग्णाचा टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाचा चार्ट भरणार आहेत.

हिमोग्लोबिनचा विषय आपल्याकडे साधा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला होता. तुमच्या होस्टेलवर दोन मुलींमागे एक असं धरलं तरी चित्र समोर येतं. सकाळची ड्यूटी सातला, म्हणून नाश्ता नाही. अकराला कॅन्टीनचा चहा आणि समोसा. दुपारी मेसमध्ये पातळ वरण, भात. घरी असताना कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, मेथीची भाजी खाणारी मुलगी होस्टेलवर येऊन बिस्किटांवर दिवस काढते. त्यात पाळीच्या दिवसांत आठ तास उभं राहणं. चक्कर येऊन पडली की सलाइन लावतात आणि विषय संपतो. रक्त तपासून आठवड्याची लोहाची गोळी सुरू करणं, ती जेवणानंतर घ्यायची आणि चहासोबत नाही हे मेसमध्ये स्वतः उभं राहून सांगणं, याला ना पैसा लागतो ना यंत्र.

मात्र नंदुरबार जिल्ह्यातल्या आणि यावल-चोपड्याच्या सातपुडा पट्ट्यातल्या मुलींसाठी एक पायरी आधी आहे. सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची तपासणी. भिल्ल, पावरा समाजात हा आजार आहे हे तुम्ही शिकवता. १ जुलै २०२३ ला केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट ठेवलं, हेही मुलं परीक्षेत लिहितात. केअर प्लॅन पाठ असतो: भरपूर पाणी, ऊन आणि थंडी दोन्हींपासून जपणं, अति श्रम टाळणं. आणि तो लिहिणारीला स्वतःचा सिकलसेलचा रिपोर्ट माहीत नसतो. ती वाहक असेल, म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडूनच हा दोष आलेला असेल, तर तिच्या तब्येतीला सहसा काही होत नाही, पण नवराही वाहक असला तर प्रत्येक अपत्यात चारात एक वेळा आजार उतरण्याची शक्यता असते. लग्नाच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलीला हे माहीत असायला नको का? आणि जिला प्रत्यक्ष आजार आहे, तिच्यासाठी मे महिन्यात पाण्याविना काढलेली बारा तासांची नाइट म्हणजे वेदनेच्या झटक्याला आमंत्रण. अशा रुग्णाला रक्तातलं लोह न तपासता लोहाच्या गोळ्या देणंही बरोबर नाही. म्हणून आधी तपासणी.

इथे एक काळजी घ्या, कळकळीने सांगते. तो रिपोर्ट फक्त त्या मुलीच्या हातात द्या. नोटीस बोर्डावर यादी नको, वर्गात नाव पुकारणं नको. दीर्घ आजार असलेल्या विद्यार्थ्याचं शिक्षण पुढे चालू ठेवायचं की नाही हे कॉलेजने ठरवावं, असं निकषांतच आहे, आणि मुलांच्या कानावर ते गेलेलं असतं. त्यामुळे दमा, फिट्स, सिकलसेल, टीबी, सगळं लपवलं जातं. आजार कळला म्हणून कोणाचं शिक्षण थांबणार नाही, ड्यूटी बदलून मिळेल, असं तुम्ही पहिल्याच दिवशी पालकांसमोर बोलून दाखवा. मग मुलं स्वतःहून सांगतील.

टीबीबद्दल तर फारच थोडं बोललं जातं. वेल्लोरच्या नर्सिंग विद्यार्थिनींवर झालेल्या अभ्यासात टीबीच्या जंतूंची लागण होण्याचं प्रमाण वर्षाला आठ टक्क्यांच्या आसपास आढळलं होतं. देशातल्या सर्वसाधारण अंदाजाच्या ते कितीतरी पट होतं. लागण झाली म्हणजे आजार झाला असं नाही, पण ज्या मुलीचं वजन चाळीस किलोच्या आत आहे, जेवण धड नाही, झोप धड नाही, तिच्यात तो उफाळून यायला किती वेळ लागणार? आपल्याकडच्या वॉर्डांचं उन्हाळ्यात काय होतं ते आठवा. झळा लागतात म्हणून खिडक्या बंद, पडदे ओढलेले, तीस खाटांच्या खोलीत पन्नास माणसं आणि त्यात खोकणारा रुग्ण. निदान झालेलं नसतं, त्यामुळे कोणी मास्कही लावलेला नसतो. साधा सर्जिकल मास्क इथे पुरत नाही, दोन एकावर एक घातले तरी नाही. टीबी वॉर्डाच्या पोस्टिंगला एन-९५ लागतो, आणि तो नाकावर नीट बसतो का हे बघून द्यावा लागतो. सकाळी ऊन चढायच्या आधी आणि संध्याकाळी खिडक्या उघडल्या पाहिजेत, हे इंचार्ज सिस्टरना सांगायला तुमच्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरने कचरू नये.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा, असं हीच मुलं गावागावांत जाऊन सांगतात. स्वतःला खोकला झाला की मात्र कफ सिरपची बाटली आणि सहकाऱ्याकडून घेतलेली अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक. नर्सिंगच्या मुलांना औषधांची नावं लवकर पाठ होतात आणि ती हाताशीही असतात. पाठ दुखली की डायक्लोफिनॅक, जळजळ झाली की पॅन्टोप्रॅझोल, झोप आली नाही की आणखी काही. डॉक्टरला दाखवायला जावं तर ओपीडीच्या वेळेत ही मुलं स्वतः ड्यूटीवर असतात. आठवड्यातून एक दुपार विद्यार्थ्यांच्या तपासणीसाठी राखून ठेवा. एक डॉक्टर, एक खोली, दोन तास. तेवढ्याने यातली बरीच गोळ्यांची पाकिटं बंद होतील.

आता हजेरी. पदवी हाती येण्याआधी प्रत्येक क्लिनिकल विभागाची हजेरी शंभर टक्के भरावी लागते, हा नियम मला मान्य आहे. हात बसल्याशिवाय नर्स होत नाही. पण तो राबवला कसा जातो? तापाने फणफणलेली मुलगी ड्यूटीवर येते, कारण एक दिवस बुडला तर बदली ड्यूटी सुट्टीत करावी लागेल, त्या दिवसाचा होस्टेलचा आणि मेसचा खर्च वेगळा, शिवाय काही ठिकाणी एका दिवसाबद्दल दोन दिवस करून घेतात. ती गोवर-कांजण्या घेऊन एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, गेली तर धोका फक्त तिला नाही. आजारपणाची ड्यूटी दंड न लावता, सत्राच्या आतच भरून देण्याची सोय करा. नियमाला धक्का न लावता हे होतं. काही प्राचार्यांनी ते करून दाखवलेलं मी पाहिलं आहे.

उन्हाळ्याचं वेगळं लिहायला हवं, कारण पुण्या-मुंबईत बसून अभ्यासक्रम लिहिणाऱ्यांना आपला मे महिना माहीत नाही. भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या वर जातो. अंगात टेरिकॉटचा गणवेश, वर एप्रन. मुली ड्यूटीवर पाणी पीत नाहीत. तहान लागत नाही असं नाही. प्यायलं तर लघवीला जावं लागेल, आणि विद्यार्थ्यांना स्टाफचं टॉयलेट वापरू देत नाहीत. रुग्णांच्या टॉयलेटची अवस्था मी काय सांगू. सात ते दोन कळ सोसून बसतात, मग जळजळ, ताप, लघवीचा संसर्ग, मुतखडा. पाळीच्या दिवसांत पॅड बदलायला जागा नाही म्हणून एकच पॅड आठ तास. एवढं शिकवून-सवरून आपण या मुलींना स्वच्छतागृहाची एक किल्ली देऊ शकत नाही? प्रत्येक पोस्टिंगच्या ठिकाणी विद्यार्थिनींसाठी एक स्वच्छ टॉयलेट, पिण्याच्या पाण्याचा माठ किंवा कूलर आणि दहा वाजता दहा मिनिटांची सुट्टी, एवढं करारात घाला. एप्रिल-मे पुरता सुती गणवेश चालेल असं परिपत्रक काढा.

तंबाखूचंही बोलते. मुली तंबाखू खात नाहीत असं आपण गृहीत धरतो. गावाकडे आई आणि आजी सकाळी मिश्री लावतात, मुलगीही दात घासायला म्हणून लहानपणापासून तीच लावते, आणि होस्टेलच्या पेटीत डबी येते. तिला ते व्यसन वाटतच नाही. मुलांमध्ये विमलची नाहीतर सुगंधी सुपारीची पुडी. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि शाळा-कॉलेजच्या शंभर यार्डांत तंबाखू विकायला मनाई आहे. तुमच्या फाटकासमोरच्या टपरीवर काय लटकतंय ते एकदा जाऊन पाहा. पहिल्या वर्षीच प्रत्येकाचं तोंड तपासा, टॉर्च लावून, जीभ बाहेर काढून. तोंड पूर्ण उघडत नाही अशी दोन-तीन मुलं तुम्हाला नक्की सापडतील. रागावू नका, दंत विभागात पाठवा.

स्कूटीवर ट्रिपल सीट, विना हेल्मेट, हायवेने ड्यूटीला जाणाऱ्या मुलांबद्दल वेगळं काय लिहू. सुरत-नागपूर महामार्गावर काय घडतं हे तुमच्या कॅज्युअल्टीत रोज दिसतं. फाटकावर हेल्मेट तपासा.

आणि मन. पहिल्यांदा घर सुटलेलं, इंग्रजीतली पुस्तकं, वॉर्डात पहिला मृत्यू. प्रेताची शेवटची काळजी कशी घ्यायची हे प्रोसिजर म्हणून शिकवतो आपण, पण ते करून आलेल्या अठरा वर्षांच्या पोरीला रात्री जेवण गेलं का, हे कोण विचारतं? तिला बोलायला एक मोठी बाई हवी असते. ट्युटरपैकी ज्यांच्याशी मुलं मोकळेपणी बोलतात त्यांच्यावर शिकवण्याचे तास थोडे कमी टाका आणि हे काम अधिकृतपणे सोपवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. तो होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर लिहून ठेवा.

वॉर्डातल्या इंचार्ज सिस्टर आणि मेट्रन मॅडम हे वाचत असतील तर त्यांनाही माझी विनंती आहे. तुमच्यावर किती भार आहे मला माहीत आहे, एका सिस्टरवर साठ रुग्ण मीही सांभाळले आहेत. पण सुई टोचलेली मुलगी तुमच्याकडे आली तर तोंडातून पहिलं वाक्य 'लक्ष कुठे होतं तुझं' असं येऊ देऊ नका. 'चल, आधी हात धू' म्हणा. रागवायचं असेल तर पहिला डोस झाल्यावर रागवा. आणि टोपण न लावता सुई थेट कापता यावी म्हणून हब कटर इंजेक्शनच्या ट्रॉलीवरच ठेवा, पांढरा डबा तीन चतुर्थांश भरला की बदला. विद्यार्थी आपल्या हातांकडे बघून शिकतात. आपण स्वतः ग्लोव्ह्जशिवाय आयव्ही, म्हणजे शिरेतली सुई, लावली तर त्यांना पुस्तकातलं खरं का वाटावं?

माझ्या विद्यार्थी मुला-मुलींनो, तुमच्याशीही दोन शब्द बोलते. 'आपल्याला काय होतंय' असं वाटण्याचं तुमचं वय आहे. पण दुसऱ्याचं बीपी दिवसातून पन्नास वेळा घेता, तेव्हा महिन्यातून एकदा स्वतःचंही घ्या. आपला रक्तगट, आपलं हिमोग्लोबिन, आपल्या लसीच्या तारखा डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तिसरा डोस सहा महिन्यांनी असतो, आणि तोच सगळ्यात जास्त बुडतो, कारण तोवर सेमिस्टर बदललेलं असतं. सुई टोचली तर लपवू नका. तुम्ही काही चोरी केलेली नाही.

प्राचार्य मॅडम, सर, पैशाचं म्हणाल तर हिपॅटायटिस बी ची लस महाग नाही. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाची तरतूद आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी पत्र देऊन आपल्या विद्यार्थ्यांसाठी मागणी करा. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तपासणीची सोय हाकेच्या अंतरावर आहे. मिळायला वेळ लागला तर थांबू नका, संस्थेच्या खर्चातून द्या. एका स्नेहसंमेलनाच्या मंडपाच्या भाड्यात पूर्ण बॅचची लस होते.

पहिला डोस प्रवेशाच्या महिन्यातच द्या, म्हणजे वॉर्डात जायच्या आधी दुसरा सहज होतो. क्लिनिकल रोटेशन प्लॅनमध्ये, म्हणजे कोण कोणत्या वॉर्डात जाणार त्या तक्त्यात, प्रत्येक नावापुढे एक रकाना वाढवा: पहिला डोस, दुसरा डोस, तिसऱ्याची तारीख, प्रतिपिंडांची तपासणी. तो रकाना रिकामा असेल तर त्या नावापुढे वॉर्ड लिहू नका. सुई टोचल्यावर काय करायचं याचं अर्ध्या तासाचं प्रात्यक्षिक घ्यायला अमळनेर, पारोळा, धरणगाव या भागात कुठेही मी स्वतः येईन, मानधन नको, फक्त पहिल्या पोस्टिंगच्या आधीचा दिवस द्या.

आपली,
एक निवृत्त परिचारिका आणि नर्सिंग शिक्षिका
अमळनेर